साडेबारा टक्क्यांचे वचन

बारावीचा निकाल लागला की शिक्षकांच्या खोलीत वर्दळ सुरू होते. विद्यार्थी येतात, पालक येतात आणि प्रश्न बहुधा एकच असतो : "सर, गेल्या वर्षी त्या कॉलेजची यादी कितीला बंद झाली?" आकडा ऐकून कोणाचा चेहरा खुलतो, कोणाचा पडतो. तो आकडा नेमके काय मोजतो, हे विचारायला मात्र कोणालाच सवड नसते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातही दर वर्षी नोव्हेंबर महिन्यात घरोघरी असाच एक तक्ता मांडला जातो. डाव्या रकान्यात राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठाची केंद्रे असतात : बर्कली, लॉस एंजेलिस, डेव्हिस, मर्सेड इत्यादी. उजव्या रकान्यात, शंभर अर्जदारांपैकी किती जणांना तेथे प्रवेश मिळाला, तो आकडा असतो. लॉस एंजेलिसपुढे २०२३ साली तो नऊच्या आसपास होता. मर्सेडपुढे तो नव्वदच्या घरात असतो. दोन्ही केंद्रे एकाच विद्यापीठाची, एकाच राज्याच्या पैशावर चालणारी, एकाच राज्यातील मुलांसाठी उघडलेली. मग एवढा फरक का? आणि पहिले 'चांगले' व दुसरे 'सुमार' असा त्याचा अर्थ घ्यायचा का?

उत्तरासाठी थोडे इतिहासात जावे लागेल. या तक्त्यामागे एका राज्याने आपल्या मुलांना दिलेले वचन आहे. ते आकड्यांत दिलेले होते, म्हणून त्याचे पुढे काय झाले तेही आकड्यांत पाहता येते.

तीन संस्था, तीन उगम

कॅलिफोर्नियातील सार्वजनिक उच्च शिक्षणाचे तीन प्रवाह आहेत आणि तिन्हींचा उगम वेगवेगळ्या ठिकाणी आहे.

आपल्याकडे मुंबई विद्यापीठ स्थापन झाले त्याच १८५७ साली सॅन फ्रान्सिस्को शहरात शिक्षकांसाठी संध्याकाळी भरणारी एक अध्यापन शाळा सुरू झाली. १८६२ मध्ये राज्याने ती आपल्याकडे घेतली आणि १८७१ मध्ये ती सॅन होजे येथे गेली. प्राथमिक शाळांना शिक्षक पुरवणे एवढेच तिचे काम. हळूहळू अशा शाळा राज्यात इतरत्रही निघाल्या. १९३५ मध्ये त्यांना 'राज्य महाविद्यालये' हे नाव मिळाले आणि शिक्षक घडवण्यापलीकडचे विषयही तेथे शिकवले जाऊ लागले.

दुसरा प्रवाह विद्यापीठाचा. अध्यक्ष लिंकन यांनी १८६२ मध्ये मॉरिल कायद्यावर सही केली. शेती आणि यंत्रविद्येचे शिक्षण देणाऱ्या महाविद्यालयांसाठी, केंद्रीय कायदेमंडळातील प्रत्येक प्रतिनिधीमागे ३०,००० एकर या हिशेबाने, राज्यांना सरकारी जमीन मिळाली. कॅलिफोर्नियाचे तेव्हा पाच प्रतिनिधी होते, म्हणून वाट्याला १,५०,००० एकर आली. त्या आधारावर १८६८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठ स्थापन झाले आणि १८७३ मध्ये ते बर्कलीला आले. १८७९ च्या राज्यघटनेने त्याला स्वायत्तता दिली.

तिसरा प्रवाह हायस्कुलांतून निघाला. शाळा संपल्यावरही पुढचे काही अभ्यासक्रम तेथेच शिकवण्याची मुभा १९०७ च्या कायद्याने हायस्कुलांना मिळाली आणि १९१० मध्ये फ्रेझ्नो या शेतीप्रधान भागातील शहरात असे पहिले 'ज्युनिअर कॉलेज' उघडले. आपल्या अकरावी-बारावीच्या ज्युनिअर कॉलेजशी याची गल्लत करू नये. तेथे पदवीची पहिली दोन वर्षे शिकवली जात. पुढे यांनाच 'कम्युनिटी कॉलेज' म्हणू लागले.

आता एक गंमत पाहा. सॅन होजेच्या अध्यापन शाळेची एक शाखा १८८२ मध्ये लॉस एंजेलिसला निघाली होती. १९१९ मध्ये विद्यापीठाने ती आपल्यात सामावून घेतली. आज जेथे दहापैकी एकालाही जागा मिळत नाही ते लॉस एंजेलिसचे केंद्र तेच! तिची थोरली बहीण सॅन होजेची शाळा मात्र राज्य महाविद्यालयांच्या रांगेत राहिली. दोघींचा जन्म एकाच कामासाठी झाला होता. कोण 'वरच्या' पायरीवर आणि कोण 'मधल्या', हे पुढे घेतलेल्या निर्णयांनी ठरले.

१९५९ चा तह

दुसरे महायुद्ध संपले. सैनिकांना शिक्षणासाठी मदत देणाऱ्या १९४४ च्या कायद्यामुळे महाविद्यालये भरून वाहू लागली. शिवाय कॅलिफोर्नियात माणसांचा ओघ लागला होता. १९४० मध्ये सुमारे ६९ लाख असलेली लोकसंख्या १९६० मध्ये १५७ लाखांवर गेली. युद्धानंतर जन्मलेली मुले १९६० नंतर महाविद्यालयाच्या दाराशी येणार, हे शाळांच्या पटावरूनच दिसत होते.

मग ओढाताण सुरू झाली. प्रत्येक आमदाराला आपल्या मतदारसंघात महाविद्यालय हवे होते. टर्लॉक नावाच्या लहानशा गावाला १९५७ मध्ये राज्य महाविद्यालय मंजूर झाले. १९६० मध्ये त्याचे पहिले वर्ग जिल्ह्याच्या जत्रेच्या मैदानावरील इमारतींत भरले. राज्य महाविद्यालयांना संशोधन करण्याचा आणि डॉक्टरेट देण्याचा अधिकार हवा होता. तो दिला तर पैसा विभागला जाऊन सगळेच दुबळे होईल, असे विद्यापीठाचे म्हणणे होते.

विद्यापीठाचे अध्यक्ष तेव्हा क्लार्क कर होते. पेनसिल्व्हानियातील शेतकरी घरात १९११ मध्ये जन्मलेला हा अर्थशास्त्रज्ञ कामगार आणि मालक यांच्या तंट्यांत मध्यस्थी करण्यात मुरलेला होता. येथेही त्याने तीच विद्या वापरली. ऑक्सिडेंटल या खाजगी महाविद्यालयाचे अध्यक्ष आर्थर कून्स यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती बसली. डिसेंबर १९५९ मध्ये विद्यापीठ आणि राज्य महाविद्यालये यांच्या नियामक मंडळांनी तिचा आराखडा मान्य केला. एप्रिल १९६० मध्ये त्यावर आधारलेल्या कायद्यावर गव्हर्नर पॅट ब्राऊन यांनी सही केली. कायद्याला डोरोथी डोनाहो या आमदार महिलेचे नाव आहे. त्यासाठी झटलेल्या या बाईंचे सहीच्या थोडे आधी निधन झाले होते.

हा आराखडा 'मास्टर प्लॅन' म्हणून ओळखला जातो. त्यातील वाटणी अशी होती : राज्यातील हायस्कूल उत्तीर्ण विद्यार्थ्यांपैकी वरचे साडेबारा टक्के, म्हणजे आठातला एक, विद्यापीठासाठी पात्र. वरचे एक तृतीयांश राज्य महाविद्यालयांसाठी पात्र. आणि शिकून ज्याला लाभ होईल अशा प्रत्येकाला ज्युनिअर कॉलेजचे दार उघडे. डॉक्टरेट देण्याचा अधिकार विद्यापीठाकडे राहिला. राज्य महाविद्यालयांना ती विद्यापीठाबरोबर संयुक्तपणे देता येणार होती. राज्यातील रहिवाशांकडून अध्यापन शुल्क घ्यायचे नाही, हे जुने तत्त्वही कायम राहिले.

येथे क्षणभर थांबू या. त्याआधी विद्यापीठ साधारण वरच्या पंधरा टक्क्यांतून आणि राज्य महाविद्यालये वरच्या निम्म्यातून विद्यार्थी घेत असत. म्हणजे नव्या आराखड्याने वरची दोन्ही दारे थोडी लोटूनच घेतली! सर्वांना शिक्षण देणारी म्हणून जगभर नावाजली गेलेली योजना ती हीच. मग ती उदार कशी? याचे उत्तर तिसऱ्या दारात आणि त्या दारातून वर जाणाऱ्या जिन्यात आहे.

बाजूचा जिना

अठराव्या वर्षी जो पहिल्या साडेबारात बसला नाही त्याचे काय? आराखड्याचे उत्तर होते : घराजवळच्या ज्युनिअर कॉलेजात दोन वर्षे शीक, चांगले गुण मिळव आणि तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात ये. अशांना जागा राहावी म्हणून विद्यापीठात पहिल्या दोन वर्षांचे विद्यार्थी चाळीस टक्के आणि पुढच्या दोन वर्षांचे साठ टक्के ठेवण्याचे ठरले. पदवी दोघांची सारखीच, तिच्यावर जिन्याचा उल्लेख नाही.

योजनेचे मर्म हेच होते. चाळणी अठराव्या वर्षी एकदाच लावली आणि खाली राहिलेल्याला पुन्हा कधी वर येता आले नाही, तर तिला मुलांचे वर्गीकरण म्हणावे लागेल. पुन्हा संधी देणारा जिना असेल तर त्याच चाळणीचा अर्थ बदलतो. जिन्याची वाट मात्र कागदावर दिसते तेवढी सोपी राहिली नाही. कोणता विषय कोठे धरला जाईल याचे नियम केंद्रागणिक वेगळे, आणि नोकरी करून शिकणाऱ्यांची वर्षे वाढत जात. २०१० मध्ये कायदा करून, कम्युनिटी कॉलेजची ठरावीक पदविका घेणाऱ्याला राज्य विद्यापीठात (राज्य महाविद्यालयांचे आजचे रूप) जागेची हमी द्यावी लागली. कॅलिफोर्निया विद्यापीठाची सहा केंद्रे आज अशी हमी देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत.

टक्का कशाचा?

आता पुन्हा त्या तक्त्याकडे वळू. गणिताचे शिक्षक मुलांना बजावत असतात की टक्का दिसला की आधी 'छेदात काय आहे?' हे विचारा. येथेही तोच मंत्र लागू पडतो.

मास्टर प्लॅनमधील साडेबारा टक्क्यांच्या छेदात होती राज्यातील हायस्कूल उत्तीर्ण झालेली सगळी मुले. तक्त्यातील टक्क्याच्या छेदात आहेत त्या एका केंद्राकडे आलेले अर्ज. पहिला आकडा राज्याने आपल्या मुलांना किती वाटा दिला ते सांगतो. दुसरा त्या केंद्रासाठी किती झुंबड आहे ते सांगतो.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा दोन केंद्रे आहेत, प्रत्येकात १०० जागा आणि एकूण ४०० विद्यार्थी. प्रत्येकाने एकच अर्ज केला आणि ते सारखे विभागले, तर दोन्हींकडे २०० अर्ज. प्रवेशाचे प्रमाण पन्नास टक्के. पुढच्या वर्षी प्रत्येकाला दोन्हींकडे अर्ज करायची मुभा दिली. आता प्रत्येकाकडे ४०० अर्ज, प्रमाण पंचवीस टक्के! विद्यार्थी तेच, जागा त्याच, शिक्षक तेच. तरी दोन्ही संस्था एका वर्षात 'दुप्पट कठीण' झाल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९८० च्या दशकात एकाच अर्जावर अनेक केंद्रांची नावे देण्याची सोय केली, तेव्हा अर्जांचा आकडा असाच फुगला. २०२३ मध्ये लॉस एंजेलिसकडे पहिल्या वर्षासाठी १,४५,००० हून अधिक अर्ज आले होते. त्यांतले बरेचसे अर्ज करणारी मुले बर्कलीच्या आणि सॅन डिएगोच्या छेदातही मोजली गेली असणार, हे उघड आहे.

पहिल्या टक्क्याचीही एक कथा आहे. साडेबारा टक्के हा वाटा ठरलेला, पण मुलाला तर गुणांची अट सांगावी लागते. ती अट किती मुले पार करतात हे अधूनमधून मोजले जाई. १९९६ मध्ये पात्र ठरणारे ११.१ टक्के निघाले, २००३ मध्ये १४.४. मुलांचे गुण वाढले होते. मग विद्यापीठाने किमान गुणांची सरासरी चारपैकी २.८ होती ती २००७ पासून ३.० केली. मुलांनी उडी उंच मारली, तेव्हा दांडीही उंच केली गेली. वाटा वाढवायचा नसेल तर दुसरे काय होणार?

हमी कशाची द्यायची?

पात्र असलेल्या रहिवासी विद्यार्थ्याला विद्यापीठात जागा मिळेल, हे वचन कॅलिफोर्नियाने पाळत आणले. पण 'विद्यापीठात' म्हणजे त्याच्या नऊ पदवी केंद्रांपैकी कोठे तरी. ज्याला आपण मागितलेले एकही केंद्र मिळत नाही, त्याला जागा शिल्लक असलेले केंद्र देऊ केले जाते. २००५ मध्ये सॅन वाकीन खोऱ्यात उघडलेले मर्सेड हे अलीकडे असे केंद्र ठरले आहे. बरेच जण ती जागा नाकारतात. वचन पाळले गेले, पण मुलाला ते पाळल्यासारखे वाटत नाही.

टेक्सास राज्याने १९९७ मध्ये नेमका उलटा मार्ग धरला. शाळा कोणतीही असो, तिच्यातील वरच्या दहा टक्के विद्यार्थ्यांना राज्यातील कोणत्याही सार्वजनिक विद्यापीठात थेट प्रवेश. खेड्यातील शाळेचा पहिला नंबरही ऑस्टिनच्या नामांकित विद्यापीठात हक्काने जाऊ लागला. पण सगळ्यांची पसंती ऑस्टिनलाच. तेव्हा २००९ च्या कायद्याने, रहिवाशांसाठीच्या जागांपैकी ७५ टक्क्यांवरच असे थेट प्रवेश देण्याची मुभा ऑस्टिनला मिळाली आणि दहा टक्क्यांची रेघ वर सरकू लागली. २०२६ च्या प्रवेशांसाठी ती पाच टक्क्यांवर आली.

दोन्ही अनुभव शेजारी ठेवले की एक गोष्ट ध्यानात येते. वाटा पक्का ठेवला तर ठिकाण अनिश्चित होते. ठिकाण पक्के ठेवले तर वाटा आक्रसतो. जागा मर्यादित असतील तोवर दोन्ही हमी एकदम देता येत नाहीत.

टेक्सासची एक कल्पना मात्र कॅलिफोर्नियानेही उचलली. राज्यभराच्या एका यादीत वरचे टक्के शोधले की सधन वस्तीतील शाळांचीच मुले अधिक येतात. शिवाय प्रवेशात वंशाचा विचार करण्यास बंदी घालणारी दुरुस्ती १९९६ मध्ये मतदारांनी मंजूर केली. १९९८ पासून बर्कली आणि लॉस एंजेलिस येथे कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकी वंशाच्या मुलांचे प्रवेश एकदम घसरले. म्हणून २००१ पासून प्रत्येक हायस्कुलातील वरचे चार टक्केही पात्र धरले गेले आणि २०१२ पासून नऊ टक्के. मुलाची तुलना त्याच्याच वर्गातील, त्याच शिक्षकांकडे शिकलेल्या मुलांशी करायची, हा त्यामागील विचार.

घरचा कोण, बाहेरचा कोण?

हे वचन रहिवाशांना दिलेले होते. ते पाळायला पैसा लागतो. १९७० मध्ये विद्यापीठाने 'शैक्षणिक फी' या नावाने शुल्क सुरू केले. १९७८ मध्ये मतदारांनी मालमत्ता करावर कडक मर्यादा घातली. त्या करावर चालणारी कम्युनिटी कॉलेजे अडचणीत आली आणि १९८४ मध्ये तेथेही फी आली. २००९ च्या मंदीत विद्यापीठाने फी ३२ टक्के वाढवण्याचा निर्णय घेतला.

परराज्यांतील आणि परदेशांतील विद्यार्थी रहिवाशांच्या सुमारे तिप्पट रक्कम भरतात. मंदीनंतरच्या वर्षांत त्यांची संख्या वाढत गेली. २०१६ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांनी, यात घरच्या मुलांचे नुकसान झाले, असा ठपका ठेवला. २०१७ मध्ये विद्यापीठाने बाहेरच्यांवर बहुतेक केंद्रांत १८ टक्क्यांची मर्यादा घातली. जेथे प्रमाण आधीच अधिक होते तेथे ते वाढू द्यायचे नाही असे ठरले.

'घरचा' ठरायला एक वर्षाहून अधिक काळ राज्यात वास्तव्य आणि तेथेच राहण्याचा इरादा लागतो. पण २००१ च्या एका कायद्याने वेगळाही विचार केला. ज्याने राज्यातील हायस्कुलात तीन वर्षे शिकून तेथूनच शाळा पूर्ण केली, त्याच्याकडे देशात राहण्याचे कागदपत्र नसले तरी बाहेरच्यांची फी लावायची नाही. अशा मुलाच्या बाबतीत तरी 'तू कोठला?' याचे उत्तर त्याच्या शाळेवरून ठरले.

आपल्या खोलीत

महाराष्ट्राला हे प्रश्न परके नाहीत. वैद्यकीय प्रवेशात विभागातील मुलांना ७० टक्के आणि बाहेरच्यांना ३० टक्के जागा हे सूत्र आपल्याकडे होते. विभागांतील महाविद्यालयांची संख्या सारखी नसल्याने मराठवाड्यातून त्याविरुद्ध तक्रार होती आणि २०२० मध्ये ते रद्द झाले. तेथेही वाद छेदाचाच होता : राज्यभराची एक यादी धरायची, की विभागाविभागाची?

तेव्हा पुढच्या जूनमध्ये 'यादी कितीला बंद झाली' असे कोणी विचारले तर आकडा जरूर सांगा, पण त्याबरोबर तीन प्रश्न विद्यार्थ्याच्या हाती द्या. हा टक्का कोणापैकी काढला आहे? मला हमी आहे ती जागेची की ठिकाणाची? आणि आज येथे प्रवेश मिळाला नाही, तर दोन वर्षांनी वर जायला जिना आहे का?

वरचे ४०० विद्यार्थ्यांचे उदाहरण फळ्यावर मांडून तीन, चार, नऊ केंद्रांसाठी ते मुलांकडून करून घ्यावे. केंद्रे वाढत जातील तशा जागा वाढतील, तरीही प्रमाण पंचवीस टक्क्यांवर कसे राहते आणि त्याच वेळी कोठे तरी जागा मिळण्याची शक्यता कशी बदलत जाते, हे मुले स्वतः शोधतील. मग एखादा प्रश्न त्यांच्याकडूनच येईल. अर्ज फार आले म्हणून जे कॉलेज 'कठीण' ठरले, तेथे शिकवतात कसे हे या आकड्यातून कळते का? त्याचे उत्तर मुलांना फळ्याकडे पाहूनच देऊ द्यावे.